पंडिता रमाबाई व हातचे दान

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा नावाच्या शिष्येची हकीकत आहे, ती आपण सर्वांनी वाचली किंवा ऐकली आहे. ती मरण पावली तेव्हा माडीवर जमलेल्या विधवांनी तिच्या गुणांचे मोठे वर्णन केले, असे तेथे लिहिलेले नाही. तिने जिवंतपणी आपल्या हातांनी केलेली वस्त्रे त्यांनी पेत्रापुढे धरली, इतकेच लिहिले आहे. जी स्त्री गेली तिच्याविषयी साक्ष देण्यास ती वस्त्रेच पुरेशी होती.

हिवाळा जवळ आला म्हणजे नागपूर व आसपासच्या गावांतील मंडळ्यांमध्ये पांघरुणे, जुने कपडे व लोकरीच्या टोप्या वाटण्याचा विषय निघतो. हे काम चांगले आहे, त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु कोणी द्यावयाचे व कोणी घ्यावयाचे हे जणू कायमचे ठरून गेलेले असते. शहराने द्यावे, खेड्याने घ्यावे. शिकलेल्याने द्यावे, अडाण्याने घ्यावे. विधवेने तर घेण्यासाठीच उभे राहावे. देणाराही असे समजतो व घेणाराही असेच समजू लागतो. ही समजूत ख्रिस्ती मंडळीस शोभते की नाही, याचा विचार करावयाचा असेल तर आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर बाईच्या चरित्राकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. त्या बाई म्हणजे केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये, असा त्या काळचा निर्बंध होता. शास्त्रीबुवांनी तो मानला नाही व आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला स्वतः विद्या दिली. त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोल सोसावे लागले. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात त्यांनी आश्रम केला व तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि तेव्हापासून देवळांच्या आवारात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर राहावे व पुढच्या तीर्थाकडे चालावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आईने चालता चालता मुलीस शिकविले. रमाबाईंना अगदी लहान वयात हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

या कुटुंबात दानाला कधी तोटा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हाती आलेल्या द्रव्याचा मोठा भाग ब्राह्मणभोजन, पूजा व दक्षिणा यांत खर्च होई, कारण त्यामुळे पुण्य मिळते असा त्यांचा विश्वास होता. परंतु सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा हे पुण्य त्यांच्या उपयोगी पडले नाही. प्रथम दागिने विकले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्या-पितळेची भांडी. सर्व संपल्यावर ते अरण्यात गेले आणि झाडांची पाने व रानफळे खाऊन त्यांनी दिवस काढले. थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही गेली. मागे राहिली ती रमा व तिचा भाऊ श्रीनिवास.

पुढे पुष्कळ वर्षांनी रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले, तेव्हा एक गोष्ट त्यांनी स्पष्टपणे कबूल केली. त्यांच्या घरात शास्त्रे होती, पण हातांनी करावयाचे एकही काम कोणास येत नव्हते. मजुरी करण्यास जातीचा व विद्येचा अभिमान आड येत होता व भीक मागण्यासही तोच आड येत होता. पोट भरण्याचा कोणताही प्रामाणिक धंदा त्यांना कोणी शिकविला नव्हता, म्हणून उपासमारीवाचून दुसरा मार्ग उरला नाही. ज्यांच्या घरातून इतरांना वर्षानुवर्षे दान जात होते तेच घर असे रिकाम्या हातांनी मेले. रमाबाईंच्या मनावर हा घाव कायमचा राहिला व पुढील सर्व कार्याचे मूळ आम्हांस यातच दिसते.

भाऊ व बहीण पायी चालत उत्तरेकडे गेली, पंजाबात व काश्मीरपर्यंत. अन्न कधी मिळे, कधी मिळत नसे. वस्त्र तर अंगावर होते तेवढेच. झेलम नदीच्या काठी एकदा त्यांच्यावर फार कठीण प्रसंग आला. थंडी कडाक्याची होती आणि जवळ ना घोंगडी, ना कांबळे. तेव्हा त्या दोघांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे खणले, जसे मृतासाठी खणतात तसे, त्यांत ती आडवी झाली, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून सर्व अंगावर कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. ज्या मुलीला पुढे सर्व हिंदुस्थानाने पंडिता म्हणून ओळखले ती एका रात्री वाळूचे पांघरूण करून निजली होती. एक साधी घोंगडी त्या रात्री तिला सर्व पुराणांहून अधिक हवी होती. आपल्या गावी पौषात पहाटे शेकोटीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

सन १८७८ मध्ये ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली व तिची विद्या पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख थोडे दिवसांचे ठरले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणीपद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडील समाज दुरावला. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने पती वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, रमाबाई विधवा म्हणून पुण्यास आल्या. ब्राह्मणांच्या घरी विधवेची दशा त्या काळी काय होती हे आपणांस ठाऊकच आहे. रमाबाईंनी ती दशा आता बाहेरून नव्हे तर आतून पाहिली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक लिहिले व त्याच्या विक्रीचे पैसे खर्चून १८८३ साली इंग्लंडचा प्रवास केला. वैद्यकी शिकावी अशी त्यांची इच्छा होती, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ती पुरी झाली नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. त्या भगिनींचे एक घर लंडनजवळ फुलहॅम येथे होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळीत. अशा स्त्रियांना धर्माच्या नावाने हाकलून देताना रमाबाईंनी पाहिले होते, धर्माच्या नावाने जवळ घेताना कधी पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची प्रभूशी झालेली भेट वाचून दाखविली. योहानाच्या शुभवर्तमानाचा तो चौथा अध्याय त्यांच्या अंतःकरणास भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहान मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकून व संस्कृत शिकवून १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी या महाराष्ट्रीय भगिनीस ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळाली, त्या प्रसंगी रमाबाई हजर होत्या. समारंभ झाल्यावर त्यांना परत यावयाचे होते, पण त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. या काळात त्यांनी दोन गोष्टी मनात साठविल्या.

पहिली गोष्ट बालशिक्षणाची. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने लहान मुलांसाठी जी पद्धत काढली तिचा रमाबाईंनी विद्यार्थिनी होऊन अभ्यास केला. या पद्धतीत मूल पाठांतराने आरंभ करीत नाही. ते कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणते, घड्या घालते, मातीचे आकार करते, सुईदोऱ्याने टाके घालते. बोटे शिकतात व बोटांबरोबर मन शिकते. ज्या मुलीचे बालपण श्लोक पाठ करण्यात गेले होते व जिच्या हातांना कोणी काहीच शिकविले नव्हते, तिला ही पद्धत किती नवी वाटली असेल याची कल्पना करावी.

दुसरी गोष्ट तेथील सामान्य स्त्रियांच्या दानाची. त्या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये स्त्रिया आठवड्यातून एकदा जमत, सुयांवर लोकरीचे मोजे, टोप्या व शाली विणीत, लहान मुलांचे कपडे शिवीत आणि ते गरिबांस देत किंवा विकून आलेला पैसा परदेशांतील मिशनांच्या शाळा-दवाखान्यांकडे पाठवीत. या स्त्रिया सर्व श्रीमंत नव्हत्या. पुष्कळ जणी शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या बायका होत्या. द्रव्य नव्हते, पण हात होते व संध्याकाळचा एक तास होता. रमाबाईंनी हिंदुस्थानातील विधवांविषयी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले व गावोगावी व्याख्याने दिली. तेव्हा बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व ठिकठिकाणी त्याच्या लहान लहान मंडळांनी दर वर्षी थोडी थोडी रक्कम दहा वर्षे देण्याचे पत्करले. एका मोठ्या धनिकाने नव्हे, तर हजारो लहान हातांनी हे काम उभे केले. आपल्या देशातील स्त्रियांना हे कळावे म्हणून अमेरिकेतील लोकस्थितीवर रमाबाईंनी मराठीत एक प्रवासवृत्त लिहिले, ते १८८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात तेथील स्त्रियांच्या मंडळांची माहिती दिलेली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. तेथे उच्च जातींच्या विधवा आपापले आचार पाळून शिकत. रमाबाई कोणावर धर्माची सक्ती करीत नसत, पण स्वतः उघड्या दाराने प्रार्थना करीत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही.

आता आपल्या प्रांताचा संबंध येतो. सन १८९६-९७ मध्ये तेव्हाच्या मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. नागपूर त्या प्रांताची राजधानी होती, तथापि सर्वांत अधिक हाल उत्तरेकडील नर्मदाकाठच्या व विंध्याकडच्या जिल्ह्यांचे झाले. जबलपूर, सागर व दमोह या नावांबरोबर त्या वर्षाची आठवण पुष्कळ काळ राहिली. पुण्यात ही वार्ता रमाबाईंच्या कानी आली, तेव्हा आपले आईबाप व बहीण त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या काळात शारदा सदनाचा पैसा ठराविक कामासाठी होता. नव्या मुलींसाठी एक पैही बाजूस नव्हती. तरीही देवावर भरवसा ठेवून त्या निघाल्या आणि सोहागपूरकडे व इतर ठिकाणी दुष्काळी छावण्यांतून व रस्त्यांच्या कडेवरून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया गोळा केल्या.

या मुली एका जातीच्या नव्हत्या. अंगावर चिंध्या, केसांत उवा, पायांवर व्रण. कोणी इतकी भुकेली की अन्न पुढे आले तरी हात आवरेना, कोणी इतकी खचलेली की अन्नाकडे पाहीना. सर्वच वाचल्या नाहीत. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ सुरू होती आणि इतक्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे रमाबाईंनी पूर्वी सदनाच्या खर्चासाठी फळबाग लावण्याकरिता सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे उघड्या माळावर तात्पुरत्या छपरांखाली या मुलींना त्यांनी नेले. त्या जागेस पुढे मुक्ती हे नाव मिळाले.

या मुलींना अन्न, वस्त्र व औषध देऊन स्वस्थ राहता आले असते आणि लोकांनी तेवढ्यानेही रमाबाईंची स्तुती केली असती. पण आपल्या घरी विद्या होती आणि हात रिकामे होते, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. मुक्तीमध्ये प्रत्येक मुलीने वाचावयास शिकावे व प्रत्येकीने हाताचे एखादे काम शिकावे असा नियम झाला. कोणी मागावर बसली, कोणी शिवण शिकली, कोणी भरतकाम. कोणी शेतात गेली, कोणी गोठ्यात, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी धुलाईच्या कामावर. पुढे छापखाना आला तेव्हा खिळे जुळविणे व छापणे हेही मुलीच करू लागल्या. मनोरमाबाईंनी आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकून घेतली व मुक्तीतील आंधळ्या मुलींना ती शिकविली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या त्या मुली बोटांनी वाचू लागल्या व बोटांनीच टोपल्या विणू लागल्या.

येथे आपल्या वाचकांस विशेष सांगावेसे वाटते. नागपूर व विदर्भ हा विणकरांचा मुलूख. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्यांच्या घरी माग होता व त्यावर जाडेभरडे कापड विणले जात असे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड गावोगाव पोहोचले आणि घरोघरचे माग हळूहळू बसले. गेला तो केवळ धंदा, असे आपण म्हणतो. परंतु त्या धंद्याबरोबर त्याची लाजही आपणांस वारशाने मिळाली होती, कारण हाताने विणणारा हा हीन व तोंडाने मंत्र म्हणणारा हा श्रेष्ठ, असे आपल्या पूर्वजांस शिकविले गेले होते. केडगावच्या माळावर काय झाले ते पाहा. संस्कृतच्या पंडिताच्या पोटी जन्मलेल्या, सरस्वती ही पदवी धारण करणाऱ्या बाईने मागाला मान दिला. ब्राह्मणाची मुलगी व ज्याची सावली लोक टाळीत त्याची मुलगी एकाच छपराखाली एकच काम शिकू लागल्या. जे कापड विणून बाहेर येई त्यावर विणणारीची जात लिहिलेली नसे. आपला प्रभू नासरेथात सुताराचे काम करीत होता हे आपण उपासनेत अनेकदा ऐकतो. मुक्तीत ती गोष्ट रोज सकाळी कामाची घंटा झाली की खरी होत असे.

मुक्तीचा सर्व खर्च मुलींच्या कामातून निघत होता असे मात्र कोणी समजू नये. तसे नव्हते. इतक्या माणसांचे पोट भरण्यास देशोदेशीच्या विश्वासणाऱ्यांकडून देणग्या येत व रमाबाई त्या प्रार्थनेने मागत व कृतज्ञतेने घेत. मग हातकामाचा उपयोग काय? उपयोग हा की, त्यामुळे त्या मुली भिकारी झाल्या नाहीत. घेणाऱ्या हातालाच देण्याची सवय लागली. याची परीक्षा लवकरच झाली. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत व इतरत्र पुन्हा दुष्काळ पडला आणि मुक्तीत शेकडो नवी मुले व स्त्रिया आल्या. माणसांची संख्या वाढत वाढत दोन हजारांच्या आसपास गेली. तेव्हा मध्यप्रांतातून तीन वर्षांपूर्वी चिंध्यांत आलेल्या मुली पुढे झाल्या. त्यांनी नव्यांना न्हाऊ घातले, व्रण धुतले, भरविले, निजविले व सुई कशी धरावी हे शिकविले. ज्यांच्यासाठी इतरांनी शिवले होते त्या आता इतरांसाठी शिवू लागल्या. आमच्या मते रमाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय तो हाच. कलकत्त्यातील पदव्या त्याच्यापुढे लहान आहेत.

१९०५ साली मुक्तीत पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने मोठी जागृती झाली व तिची वार्ता दूरदूर गेली. पुष्कळ लोक केवळ ती गोष्ट सांगतात. परंतु ज्या हातांनी तेथे रात्री प्रार्थनेसाठी जोडून घेतले, तेच हात दिवसा मागावर व शेतात होते, हे विसरू नये.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी स्वतःसाठी एक हातकाम निवडले होते. खेड्यातील साध्या बायांना समजेल अशा सोप्या मराठीत सर्व पवित्र शास्त्राचे भाषांतर करावयाचे. त्यासाठी म्हातारपणाकडे झुकताना त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीच्या मुलींनी खिळे जुळविले, मुद्रिते आली, रमाबाईंनी ती तपासली, पुन्हा तपासली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले, पण त्यांचे मन या कागदांत होते. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईने तो घाव सोसला आणि पुन्हा काम हाती घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. ते संपूर्ण भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. टबीथेच्या मृत्यूनंतर विधवांनी वस्त्रे दाखविली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलींनी एक ग्रंथ दाखविला, आणि तोही त्यांच्याच हातांनी जुळविलेला व छापलेला होता.

वाचकहो, हे चरित्र वाचून आपण काय करावे? आमच्या ओळखीच्या एका खेड्यात एक वृद्ध विधवा आहे. दर नाताळास मंडळीकडून तिला जुने कपडे मिळत. एका वर्षी ती ते अंगावर घालताना दिसली नाही, म्हणून उपदेशकाला वाटले की तिने ते विकले असतील. काही दिवसांनी शेजारच्या घरी एक बाळंतीण होती, तिच्या मुलाखाली एक नवी वाकळ दिसली. म्हातारीने त्या कपड्यांचे तुकडे करून, थर लावून, दोरा घालून ती शिवली होती. उपदेशकाने आम्हांस हे सांगितले तेव्हा त्याला स्वतःच्या संशयाची लाज वाटत होती. लाज आम्हांसही वाटली, कारण इतकी वर्षे आम्ही तिचे नाव घेणाऱ्यांच्या यादीत लिहीत होतो. देणाऱ्यांची यादी तिला कोणी कधी दाखविलीच नव्हती.

म्हणून आमची उपदेशकांस व मंडळ्यांच्या पंचांस विनंती आहे. या पावसाळ्यानंतर स्त्रियांच्या सभेत शास्त्रवाचन झाले की अर्धा तास हातकामासाठी ठेवावा. वाकळ शिवता येणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांनी तरुण मुलींस शिकवावे. शाळेत लोकरीचे विणकाम शिकलेली एखादी सून गावात असेल. तिने सासूबाईंच्या वयाच्या बायांना सुलट व उलट टाका दाखवावा व त्यांनी शिकण्यास लाजू नये. तान्ह्या मुलाच्या टोपीस लोकरीचा एक लहान गुंडा पुरतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके उघडे राहिले तर त्याच्या अंगाची ऊब झपाट्याने जाते, आणि अशक्त बाळास ते सोसत नाही. मार्गशीर्ष-पौषातील आपल्याकडील पहाट किती बोचरी असते हे कोणासही सांगावयास नको. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या टोप्या द्याव्या आणि मूल ख्रिस्ती आईचे की इतर कोणाचे हे विचारू नये. रमाबाईंनी सोहागपूरच्या रस्त्यावर ते विचारले नव्हते.

आणि आणखी एक गोष्ट. वाटपाच्या दिवशी ज्यांची नावे नेहमी घेणाऱ्यांत असतात त्यांच्या हाती प्रथम सुई व दोरा द्या. ज्या गरिबाला आपण देऊ देत नाही त्याच्यापासून आपण त्याचा मान काढून घेतो, मग आपल्या हातात कितीही मोठे गाठोडे असो. मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूने अडविले नाही. शिष्यांना बोलावून तिच्याकडे पाहावयास सांगितले.

झेलमच्या काठी वाळूत पुरून घेतलेली ती मुलगी आठवा. त्या रात्री तिला कोणी घोंगडी दिली नाही. त्या थंडीचा सूड तिने जगावर घेतला नाही. ती थंडी तिने आयुष्यभर लक्षात ठेवली आणि हजारो उघड्या अंगांवर वस्त्र घातले, व त्याहून अधिक, वस्त्र करणारे हजारो हात तयार केले. अशी साक्ष देण्याचे भाग्य देवबाप आपल्या लहान मंडळ्यांसही देवो. आमेन.